लिंबापासून वळलेली बायनाबाई

आमच्या गावात मॅरेथॉन झाली, म्हणजे मॅरेथॉनच्या नावाखाली भाऊसाहेबांचा वाढदिवस झाला. मी त्यांच्याच संस्थेच्या शाळेत खेळाचा मास्तर आहे, त्यामुळे हे वाक्य आजवर तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. आता काढलंच आहे तर सगळंच सांगतो.

गाव कडा या बाजारगावापासून दहा-बारा किलोमीटरवर. गावाच्या कडेला बायनाबाईचं घर आहे. वय पंचेचाळीसच्या पुढं, नक्की तिलाही ठाऊक नाही. आधार कार्डावर सरकारनं तिचा जन्म एक जानेवारीला उरकून टाकलाय. नवरा धोंडीराम गुडघ्यानं अधू, म्हणून शंभरभर मेंढरांमागची सगळी पळापळ हिच्या पायांवर. पण तिच्या हातात काठी कधी दिसायची नाही. मेंढरं हाकलावी लागतात ती ज्याला बोलावता येत नाहीत त्याला, असं तिचं म्हणणं. ती जीभ टाळूला लावून एक कडक आवाज काढते, की सगळा कळप येऊन तिच्याभोवती उभा राहतो.

दिवाळीनंतर भाऊसाहेबांच्या संस्थेनं गायरानाला तारेचं कुंपण घातलं. फलक लागला, ‘नियोजित क्रीडा संकुल’. पाझर तलावाकडं जाणारी जनावरांची वाट त्या गायरानातून होती. वाट बंद झाली. आता पाण्यासाठी डोंगराच्या अंगानं दीड तासाचा वळसा पडतो. त्या वळशापायी तिच्या दोन गाभण मेंढ्या गेल्या. संकुलाची एक वीट अजून आलेली नाही, पण तार मात्र पक्की आहे.

तिनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. मी लिहिला, पण अक्षर वाकडं करून, कुणी ओळखू नये म्हणून. असा मी शूर. त्याच्या प्रती काढून ती चार सोमवार प्रांतांच्या कचेरीत गेली. कारकून कागद घ्यायचा, पण पोच द्यायचा नाही. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची सही आणि तारीख, एवढंच. पण ती दिली की कागद हरवता येत नाही, म्हणून देत नाहीत. पुढच्या सोमवारी विचारलं की, कसला अर्ज? कोण तुम्ही?

मग गावभर पत्रकं वाटली गेली: दहा किलोमीटर, प्रत्येक गटातल्या पहिल्या क्रमांकाचा सत्कार प्रांतसाहेबांच्या हस्ते. बायनाबाई शाळेत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“मास्तर, पैलं आलं की प्रांतसायेब सोताच्या हातानं देत्यात म्हनं?”

“हो. ट्रॉफी देतात.”

“ते मला देतेत तवा मीबी त्यांला कायतरी देईन. एवढ्या मान्सांदेखत न्हाई कसं म्हनतेल?”

मी तिचं नाव चाळिशीवरच्या महिलांच्या गटात लिहिलं. गटात चारच नावं होती. वळायचं कुठून, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, “भैरोबाच्या लिंबापासून, पाच किलोमीटरवर. तिथं मी उभा असेन. लाल फीत देईन, ती घेऊन परत रेघेपर्यंत.” तिनं मान डोलावली. लिंब म्हटल्यावर तिला नकाशा लागत नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेपाचला मी मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली आणि लिंबाखाली जाऊन थांबलो. सहाला शिट्टी व्हायची होती. सव्वाआठ झाले तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. तिकडं मैदानावर उपाशीपोटी उभी राहून पोरं गळून गेली, ते मी मागाहून पाहिलं. सगळ्यांच्या अंगात भाऊसाहेबांच्या फोटोचे गुडघ्यापर्यंतचे टी-शर्ट. ते घातल्याशिवाय नंबरच मिळत नव्हता. बायनाबाईनंही लुगड्यावर चढवला होता. छातीवर भाऊसाहेब आणि कमरेला पिशवीत भाऊसाहेबांविरुद्धचा अर्ज.

तेवढ्यात मला फोन आला. भाऊसाहेबांचा उजवा हात तानाजी बोलत होता.

“सर, इकडं या. सत्काराला मानसं कमी पडायलीत. नारळ कोन धरनार?”

“अहो, इथं फीत कोण देणार?”

“वळायला काय मानूस लागतो का? फ्लेक्स हाय की!”

मी फितींची पिशवी लिंबाच्या फांदीला अडकवली आणि गेलो. मला शिव्या द्यायच्या तर इथून सुरुवात करा.

फ्लेक्स एकच असायला हवा होता, लिंबापाशी. पण कार्यकर्त्यांनी रातोरात रस्ताभर भाऊसाहेब उभे केले होते. पहिले भाऊसाहेब दोन किलोमीटरवर, कोंबड्यांच्या शेडजवळ. ते मी परतताना डोळ्यांनी पाहिले. आणि स्टेजवर नारळांचं ताट धरून उभा असताना तानाजीनं माइकवर सांगितलं, “भाऊसाहेबांचा फ्लेक्स दिसला की तिथून वळायचं!” तेव्हा माइक माझ्यापासून चार हातांवर होता. मी हात पुढं केला नाही.

शिट्टी झाली. पळणाऱ्यांच्या पुढं घोषणा देणाऱ्यांच्या मोटरसायकली, त्यांचा धूर पोरांच्या नाकात. पाण्याच्या बाटल्या स्टेजवर पाहुण्यांपुढं, रस्त्यावर एक नाही. आणि अठराव्या मिनिटाला पहिला गडी परत आला. दहा किलोमीटर, अठरा मिनिटांत!

तो परमेश्वर होता, आमच्या गावचाच पोरगा. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं रोज पहाटे पळणारा. घड्याळ बघून तो थेट माझ्याकडं आला.

“सर, हे दहा न्हाईत. निम्मंबी न्हाई.”

तानाजी मधे पडला. “गप बे. फोटोला हुबा ऱ्हा.”

परमेश्वर फोटोला उभा राहिला. दोन वर्षांच्या घामाचं त्यांनी पाच मिनिटांत हसं केलं. त्यानं ट्रॉफी घेतली तेव्हा नजर वर केली नाही, आणि कुणाच्या हातात फीत का नाही, हे स्टेजवरच्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. चाळिशीवरच्या गटात आमच्याच शाळेच्या उज्ज्वला मॅडम पहिल्या ठरल्या. बाईंचा काही दोष नाही, त्या माइकवर सांगितलं तिथून वळल्या. त्यांनीच खाली उतरल्यावर विचारलं, “सर, बायनाबाई कुठंय?”

 मी ताट खाली ठेवलं आणि मोटरसायकलला किक मारली.

दोन किलोमीटरवर, कोंबड्यांच्या शेडजवळ, ती समोरून येताना दिसली. अनवाणी, लुगडं खोचलेलं, मुठीत लाल फीत. आठ किलोमीटर संपवून आली होती. रस्त्याच्या कडेला आजच्यापुरता धोंडीराम मेंढरं चारत उभा होता.

“मास्तर, लिंबापशी कुनीच न्हवतं. फीत मीच काढून घेतली,” ती धापा टाकत म्हणाली.

“बायनाबाई, झालं सगळं. बक्षिसं वाटून झाली.”

ती थांबली. “कावून? मी तर अजून पळतेच हाय की!”

मी फ्लेक्सचं सांगितलं. तिनं शेडजवळच्या हसऱ्या भाऊसाहेबांकडं पाहिलं, मग स्वतःच्या छातीवरच्या भाऊसाहेबांकडं. टी-शर्ट डोक्यातून ओढून काढला आणि फेकून दिला. एवढं संतापलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. प्रांतसाहेबांची गाडी परत निघाली होती. बायनाबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं तो आवाज काढला. शंभर मेंढरं डांबरावर चढली आणि तिच्याभोवती उभी राहिली. गाडी जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबूनच धरला, पण मेंढरांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

साहेबांना पोचवायला निघालेल्या तानाजीनं पुढच्या सीटवरून डोकं बाहेर काढलं. “ए बाई, हाकल ती!”

“हाकलत नसते मी,” ती म्हणाली आणि मेंढरांमधून वाट काढत मागच्या काचेपाशी गेली. पिशवीतून अर्ज आणि त्याची नक्कल काढली. काच खाली आली.

“सोमवारी कचेरीत या,” प्रांतसाहेब म्हणाले.

“चार सोमवार आलते. आज तुमी आलात. पोच द्या.”

“शिक्का नाही इथं.”

“सही तर हाय न्हवं? सही करा, तारीख घाला. मंग जावा.”

साहेबांनी खिसे चाचपले. पेन सापडेना, की शोधायचंच नव्हतं, देव जाणे. मी माझं पेन काढलं. तानाजी माझ्याकडं बघत होता.

“सर, तुमी संस्थेत हाय. ध्यानात ठेवा.”

 तरी मी पेन दिलं. साहेबांनी अर्ज वाचला, एकदा तानाजीकडं पाहिलं, अर्ज ठेवून घेतला आणि नकलेवर सही करून तारीख घातली. बायनाबाईनं नक्कल पिशवीत ठेवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन पुन्हा आवाज दिला. मेंढरं तिच्याकडं गेली, रस्ता मोकळा झाला, गाडी गेली.

मला वाटलं, संपलं. तर ती पुन्हा पळायला लागली.

“आता कशाला, बायनाबाई?”

“रेघेपर्यंत म्हनला न्हवतात तुमी?”

मी गाडी काढून पुढं गेलो. मैदानावर मांडव उतरवत होते, रेघ गाड्यांच्या चाकांनी पुसली होती. मी फक्कीचं घमेलं शोधलं आणि नवीन रेघ ओढली. मंडपवाले हसत होते. हसोत बापडे. ती आली, रेघ ओलांडली, कमरेवर हात ठेवून वाकली आणि फीत माझ्या हातात दिली.

“कितवी आले?”

“पहिली.”

“आन् दुसरी कोन?”

“दुसरं कुणी आलंच नाही. रेघेपासून लिंब, लिंबापासून रेघ, एवढं तुम्हीच पळालात.”

मला सोमवारी संस्थेची नोटीस मिळाली. कुंपण अजून आहे, पण तारीख घातलेली पोच बायनाबाईच्या पिशवीत आहे आणि कचेरीत आता “कसला अर्ज?” असं कुणी म्हणू शकत नाही. त्या दिवशी मात्र ती रिकाम्या स्टेजकडं बघत एवढंच म्हणाली,

“मंग मास्तर, तुमी त्यांला ट्रॉफ्या कशाच्या वाटल्या?”

ट्रॉफ्यांचं ताटही मीच धरलं होतं.