कपाटावर डकवलेला नकाशा

१२ ऑगस्ट. लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाचं सॉफ्टवेअर बदलायला बसले होते. एरवी हे काम माझ्या भागीदार रत्नमालेचं. ती वारली त्याला काही आठवडे झाले. तिच्या भावाचा फोन आला तेव्हा मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. फोन ठेवला आणि आधी तो कागद काढला... दुसरं काय करावं, सुचलं नाही.

नांदेडात आम्ही दोघींनी सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस काढलं, तेव्हा डेटाबेसचा नकाशा ती हातानं काढायची. माहितीच्या प्रत्येक तक्त्याला, म्हणजे टेबलाला, एक चौकोन आणि कोण कुणाशी जोडलंय ते दाखवणाऱ्या रेघा. पण कोड रोज बदलायचा, नकाशा जुनाच राहायचा. "ह्यो म्हणजे लग्नातला फोटो गं," ती म्हणायची. "माणसं तीच, पण आता तशी दिसत न्हाईत." मग तिनं एक प्रोग्राम बसवला. तो कोडमधली टेबलांची वर्णनं वाचून नकाशा आपोआप काढायचा. मी चिडवलं, "आता तुझी सुट्टी!" ती म्हणाली, "काढंल मशीन. वाचंल कोण?"

आणि ती खरंच वाचायला लावायची. ताजी प्रिंट कपाटाच्या दारावर चिकटवायची, मी रेघेवर बोट ठेवून वाक्य म्हणायचं : एका खोलीत मुली अनेक, एका मुलीला खोली एक. पटलं की ती म्हणायची, "बरं, पुढं." नाही पटलं तर, "हां... पुन्हा वाच." मला हा पोरखेळ वाटायचा, पण चुका तिथंच सापडायच्या.

एकदा मात्र आम्ही दोघीही चुकलो. लातूरच्या या वसतिगृहासाठी 'एका मुलीला भेटणारा पालक एक' अशी रेघ मी वाचली आणि ती "बरं, पुढं" म्हणाली. पहिल्याच रविवारी वॉर्डनबाईंचा फोन आला. देगलूरकडचा एक बाप गावातल्या सगळ्या पोरींचे डबे घेऊन एसटीनं आला होता. कॉम्प्युटरनं त्याला फक्त त्याच्या लेकीला भेटू दिलं. बाकीचे डबे मांडीवर घेऊन तो फाटकात बसला होता. "भाकरीला बी वळख लागती का, बाई?" त्याचा आवाज फोनवर आम्हालाही ऐकू आला. मला हसू आलं. रत्नमाला हसली नाही.

"मी वसतिगृहात व्हते तवा माझी माय कधीच डबा घेऊन आली न्हाई," ती म्हणाली. "मजुरी बुडवून कशी येईल? कंधारहून वस्तीतलं जे कोणी गाडीला बसंल, त्याच्या हाती डबा. मी कुणाला मामा म्हनलं, कुणाला काका. खरा मामा त्यात एक बी नव्हता." त्या दुपारी तिनं 'भेटणारे' हे नवं टेबल जोडलं. मुलीच्या घरच्यांनी फोनवर सांगितलेली कितीही नावं त्यात बसायची. मी वाचलं : एका मुलीला भेटणारे अनेक, एका भेटणाऱ्याच्या मुली अनेक. ती डोळे मिटून म्हणाली, "बरं, पुढं."

आता वसतिगृहाच्या नव्या व्यवस्थापकांना ते टेबल नको होतं. 'एक मुलगी, एक पालक, भानगड नाही.' मी हो म्हटलं होतं. १२ तारखेला ते काढून टाकलं, प्रोग्राम चालवला. नकाशा छान सुटसुटीत आला. कपाटावर लावला, बोट ठेवलं. एका मुलीला भेटणारा माणूस एक... पुढं सरकता येईना. ऑफिसात ऐकायला कुणी नव्हतं, तरी मी तेच वाक्य पुन्हा वाचलं. तेवढ्यानंही ते खरं होईना. प्रिंट काढून घेतली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी व्यवस्थापकांना फोन केला.

"ते टेबल राहील, सर."

"अहो मॅडम, सोपं करा म्हटलं होतं. मुलींची जबाबदारी आमच्यावर आहे."

"म्हणूनच. घरच्यांनी सांगितलेल्यांचे फोटो वॉर्डनबाईंना समोर दिसतील, एवढं सोपं करते. माणसं कमी करत नाही."

ते कुरकुरले, मग "बघा बाई" म्हणाले. मी टेबल परत जोडलं, प्रोग्राम चालवला, प्रिंट काढली. कपाटाच्या दारावर तिच्या चिकटपट्टीचे डाग आहेत, त्यांच्यावरच चारी कोपरे बसवले. बोट ठेवून सगळ्या रेघा वाचल्या, 'भेटणारे' शेवटी. वाक्य पटलं.

"बरं, पुढं," मीच म्हटलं आणि कामाला बसले.