गप्प झालेला आधी

दुबईच्या जबल अली बंदरातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त कुरकुर करणारा माणूस म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा हा. बाहेर अंग भाजतंय आणि हा एसीच्या नावानं बोटं मोडत स्वेटर घालून बसलेला. चहा पाणचट, बस लेट, काहीही याला पटत नाही. पण जहाजावर जाणाऱ्यांना थंड पाण्यातून माणूस कसा काढायचा ते शिकवतात, तेव्हा बर्फ टाकलेल्या टाकीत बुडणारा म्हणून हाच उतरतो.

मागच्या ट्रेनिंगला मीही होतो. टाकीत दोघं होते. एक जिवाच्या आकांतानं ओरडत होता, हा नुसता तरंगत होता. मी ओरडणाऱ्याला आधी ओढलं. बाहेर आल्यावर हा कुडकुडत म्हणाला, "अरे हबीबी, ओरडतोय त्याच्यात अजून दम आहे. गारठून गप्प झाला ना, त्याला आधी काढायचं. नाहीतर खलास!"

परवा पॅन्ट्रीत एसी फुल होता. हा स्वेटरशिवाय एकटाच बसला होता. मी विचारलं, "काय, चहा कसाय आज?"

"ठीक आहे," तो म्हणाला. कप भरलेलाच होता.

माझ्या हातातला मोबाइल वाजत होता, मॅनेजरचा फोन. तो तसाच वाजू दिला, एसी बंद केला आणि त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो.