दुखलं की हसते

मी तेव्हा मीरा रोडच्या एका लहान हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात नर्स होते. उत्तनहून बस धरून सकाळच्या ड्युटीला यायचे. एकदा आमच्याकडे दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. तिला बोलता येत नव्हतं, समज दोन वर्षांच्या मुलाएवढी. आदल्या दिवशी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं.

मी आल्या आल्या तिची आई माझ्याकडे आली. हाटकेशला राहणारी, थकलेली बाई. "सिस्टर, तिला दुखतंय. इंजेक्शन द्या ना."

मी जाऊन पाहिलं. "ही तर हसतेय, ताई."

"दुखलं की हसते ती."

माझा काही विश्वास बसला नाही. डॉक्टरांनी 'गरज वाटल्यास द्यावे' असं लिहिलं होतं. गरज पोरीला नाही, हिला आहे, असं मला वाटलं. मुलगी झोपली की हिचाही डोळा लागेल. तासाभरात ती तीनदा आली, तसा संशय पक्काच झाला. फाइलवर मी लिहून टाकलं, 'पेशंट शांत, हसरी'.

मग ती चहा प्यायला खाली गेली. आई नसताना पोर काय करते ते बघावं म्हणून मी पडद्याआड उभी राहिले. मुलगी छताकडे बघत एकटीच हसत होती. पण कपाळ घामाने भिजलं होतं, पायाची बोटं घट्ट आवळलेली. मी चादर सारखी करायला गेले. मांडीला जेमतेम हात लागला आणि तिचं हसणं एकदम वाढलं. नाडी धरली, तर भलतीच जलद.

मी डॉक्टरांना फोन केला आणि इंजेक्शन दिलं.

आई परतल्यावर तिला तसं सांगितलं. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "खरंच दिलंत? का नुसतं सलाइनचं पाणी?"

मी तिला रिकामी बाटली दाखवली. तरी ती लेकीच्या तोंडाकडे बघत उभीच राहिली. अर्ध्या तासाने हसणं थांबलं. मुलगी कुरकुरली, आईचा हात झिडकारला. "आता बरी आहे," आई म्हणाली आणि स्टुलावर बसली.

डॉक्टरांनी नंतर ते औषध ठरल्या वेळी, न मागता द्यायला लिहिलं. मुलीला घरी सोडेपर्यंत प्रत्येक डोसला ती बाई माझ्याशेजारी उभी राहून बाटलीवरचं नाव वाचायची. ती वाचेपर्यंत मी थांबायचे.