मास्तरांचे ओठ

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या मास्तरांचं पोट संपावर गेलं होतं. जुना मधुमेह, खाल्लेलं पोटातून पुढे सरकतच नसे. दोन घासांत पोट गच्च, आणि सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडायचं. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची गोळी दिली आणि काय सांगू, पंधरा दिवसांत माणूस वाढून मागायला लागला! बायकोला आभाळ ठेंगणं झालं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "तोंड, हात आपोआप हलायला लागले तर लगेच या." पण मास्तरांचं तोंड हललं नाही तर ते मास्तर कसले! चाळीस वर्षं ते बसल्या बसल्या ओठांनीच नवी चाल बसवत आलेले. काही महिन्यांनी ओठ जरा जास्तच हलायला लागले, तेव्हा बायको कौतुकानं म्हणाली, "वाजवा, वाजवा! पोट भरलंय ना आता!"

एका दुपारी बँडमधले ड्रमवाले भाऊजी आले. मास्तर खुर्चीत, ओठ चालूच. भाऊजींनी सवयीनं टेबलावर बोटांनी ठेका धरला. थांबले. पुन्हा धरला.

"वहिनी, हा वाजवत नाहीये."

"म्हणजे?"

"ताल कुठाय? अहो, हा माणूस घोरतोसुद्धा तालात!"

मास्तरांनी मान खाली घातली. "मला ठाऊक होतं. ओठ थांबतच नाहीत. पण सांगितलं असतं तर गोळी बंद झाली असती. पोटभर जेवत होतो गं."

तिला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

डॉक्टरांनी ती गोळी थांबवली, दुसरं औषध दिलं. जेवण पातळ, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. ओठांचं विचारलं तर म्हणाले, "थांबतील अशी आशा आहे. खात्री देत नाही." क्लॅरिनेट पेटीत गेलं.

तीन महिन्यांनी ओठ हळूहळू निवले. पण घर इतकं गप्प झालं की तिला करमेना.

मग एका दुपारी, वाटीभर सूप संपवून बसलेल्या मास्तरांचे ओठ हलले. तिच्या काळजात धस्स झालं. ती भाऊजींसारखं टेबलावर बोट आपटू लागली. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. बोट आणि ओठ बरोबर एकत्र पडत होते.

"काय गं, काय करतेस?"

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली, "वाजवा तुम्ही."