स्पोर्ट बाइकला साडी गार्ड

मैत्रिणींनो, लग्नानंतर आम्ही मोपेडवरून येलदरी धरणावर फिरायला जायचो. मी मागून शेंगा सोलून ह्यांच्या हातावर ठेवायची.

निवृत्तीनंतर ह्यांनी जुनी स्पोर्ट बाइक घेतली. मागची सीट माझ्यासाठी रुंद करायला टाकली आणि त्याच आठवड्यात हे गेले.

आज मेकॅनिक गाडी घेऊन आला. "काकू, काकांनी साडी गार्ड बी लावायला सांगितलं होतं. मी लय हसलो. तर म्हणले, 'हस लेका, पण तुझी काकू साडीच नेसते.'"

मी सीटवर बसून पाहिलं. अगदी ऐसपैस झाली आहे.

गाडी आता गंगाखेडच्या भाच्याला, प्रशांतला देतेय. ह्यांचं हेल्मेटही त्यालाच. ह्यांनी माझ्यासाठी आणलेलं कोरं हेल्मेट त्याच्या बायकोला. त्याला एवढंच सांगितलं: प्रशांत, चेनला तेल देत जा. आणि गाडीचं काही करायचं राहिलं असलं, तरी आधी बायकोला मागे बसवून फिरवून आण.