हाताने भरवल्याचं समाधान

तुमच्या आईने कळवलं की या हिवाळ्यात तुम्ही दोघं येणार, आणि आल्यावर पहिलं काम म्हणजे आपल्या बैलाला भेटायचं, संक्रांतीला त्याला हाताने भरवायचं. त्याचे दरवर्षीचे फोटो तुम्ही खोलीच्या भिंतीवर ओळीने लावलेत म्हणे. म्हणून हे लिहायला बसले. तो बैल आता नाही. पहिला फोटो सोडला तर भिंतीवरचा प्रत्येक फोटो दुसऱ्याच बैलाचा आहे. आपला २०१६च्या संक्रांतीला मेला. त्याला खायला घालून मारला.

तुमच्या बाबाला मी हे तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "आई, लहान आहेत गं. कशाला?" आता तुम्ही लहान नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण आपला बैल जिच्याकडे दिला होता त्या संस्थेची पत्रकंही इंग्रजीत असतात, गोड आणि बिनचूक. त्यांच्या पंगतीला मला बसायचं नाही. तुमच्या शनिवारच्या मराठी शाळेचा एकदाचा उपयोग होऊ दे.

बैल तुम्हाला आठवत असेल तो गाडीवरून. चिकूचे क्रेट भरलेली गाडी वाडीतून रस्त्यावर आणायची, एवढंच त्याचं काम. तुम्ही वर बसायचा आणि तो मुद्दाम सावकाश चालायचा, असं आजोबांचं म्हणणं. त्याचं डावं शिंग खाली वळून डोळ्याकडे वाढायचं. दरवर्षी त्याचं टोक कापावं लागे, आणि ते कापताना तो लहान मुलासारखा मान आजोबांच्या काखेत खुपसायचा.

आजोबा गेले. वाडी मी ठेक्याने दिली. ठेकेदाराने टेम्पो आणला, आणि बैलाचे पुढचे गुडघेही त्याच सुमारास धरले. तलासरीकडे हायवेच्या आत एका संस्थेचा निवारा होता. भाकड, म्हातारी, अपघातात सापडलेली गुरं तिथे ठेवत. मी आधी जाऊन पाहून आले. शेड स्वच्छ होती, पाणी होतं, हिरवा चारा होता. पत्रकावर लिहिलं होतं, शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळ. बैल गाडीत चढताना अडून बसला, तर मी स्वतः पुढे होऊन त्याच्याशी बोलले. तुमच्या बाबाने लगेच त्याला तुमच्या नावाने दत्तक घेतलं, म्हणजे दरवर्षी आपण पैसे पाठवायचे आणि संस्थेने त्याचा फोटो. पहिला फोटो तेव्हाचा. तो खरा आहे.

आमच्याकडे संक्रांत निम्मी मराठी आणि निम्मी गुजराती. सकाळी तिळगूळ, दुपारी छपरावर पतंग, आणि गुरांना घुगरी. घुगरी म्हणजे उकडलेली बाजरी किंवा गहू, वर गूळ. घरच्या गाईला मूठभर दिली तर तिचं काही बिघडत नाही. पण वर्षभर गवत खाणाऱ्या जनावराच्या पुढे एका दिवशी उकडलेल्या धान्याचं घमेलं ठेवलं की ते पोटात आंबतं, पोट फुगतं आणि रवंथ थांबतो. डहाणूत ज्याच्या दारात गुरं आहेत त्याला हे सांगावं लागत नाही. निवाऱ्याच्या माणसांनाही माहीत होतं.

मी त्या दिवशी गवताची पेंढी घेऊन गेले. फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती, वापीकडच्या, मुंबईकडच्या. माणसं पातेली, डबे, बादल्या उतरवत होती. पुऱ्या, लाडू, शिरासुद्धा. आत झेंडूचं तोरण लावलेली एक चौकट होती. तिच्यातून गाईचं तोंड आणि आपलं तोंड एकत्र फोटोत यावं अशी सोय. आपला बैल गव्हाणीला बांधलेला. एक कुटुंब त्याला भरवून जायचं की दुसरं यायचं. तो खात होता. बैलाला नाही म्हणता येत नाही.

मी व्यवस्थापकाला गाठलं. तिशीतला, हसतमुख माणूस, गळ्यात ओळखपत्र.

"अहो, एवढं धान्य देऊ नका. फुगतील."

"आजी, आज त्यांचा सण. वर्षातून एकदा गोड खातात बिचारी."

"माझा बैल तरी सोडा गव्हाणीवरून."

"तुमचा कुठला आता? सगळ्यांचा झाला तो." आणि मागच्या बाईला म्हणाला, "या बेन, इकडे उभ्या राहा, इकडून उजेड चांगला येतो."

मी दोर सोडायला गेले. माझा हात त्याने अगदी अदबीने धरला, एका मुलीला हाक मारली आणि आजींना सावलीत खुर्ची द्यायला सांगितलं. ती खुर्ची मला अजून आठवते. लाल, प्लास्टिकची. लोकांना वाटलं असेल, म्हातारीला उन्हाचा त्रास झाला.

तीन-चार दिवसांनी चारोटीहून शेअर जीप धरून परत गेले. गव्हाणीला आपल्या बैलाच्या जागी एक काळी गाय होती.

"तुमचा बैल ना? गुजरातच्या शाखेत पाठवला," व्यवस्थापक म्हणाला. "तिकडची हवा गुडघ्यांना चांगली."

"पत्ता द्या. मी जाऊन येते."

"देतो ना. साहेबांना विचारून देतो."

तो फोन घेऊन बाजूला गेला. शेण गोळा करणारी बाई सगळं ऐकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, तो त गेला. पोट ढोलासारखा फुगला. आजून पण गेली."

"डॉक्टर नाही आणला?"

"दुसरे दिशी पण गाड्या होत्या ना. आजारी होती तेवढी शेडीच्या मागं नेली, ताडपत्री बांधली. पावण्यांनी बघू नये म्हणून."

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे शिळी उतराण. त्या दिवशीही लोक सुट्टी काढून येतात. कासा गावात गुरांचा डॉक्टर आहे, फोन केला असता तर जीपने आला असता. पण डॉक्टर आत आला असता तर फाटकावरच्या माणसांनी विचारलं असतं, काय झालं? म्हणून ताडपत्री. पलीकडे लोक फोटो काढत होते आणि अलीकडे तो दात खात पडला होता. मी शेडच्या मागे गेले. उकरलेली माती होती, वर चुना. त्या बाईविषयी मी कुठेही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका, तिला तिथेच काम करायचं आहे.

संस्थेचे विश्वस्त आजोबांच्या ओळखीचे, निवृत्त गृहस्थ. मी त्यांना भाऊसाहेब म्हणते. मसोलीजवळच्या त्यांच्या बंगल्यावर गेले. त्यांनी चहा मागवला, चिकूचे चिप्स पुढे केले. बैल मेला हे त्यांनी नाकारलं नाही. हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

"वाईट झालं ताई. वय होतं."

"वय होतं म्हणून तुमच्याकडे दिला होता. वयाने नाही मेला. तुमच्या फाटकावर पाटी लावा, शिजवलेलं धान्य आत आणू नये."

"पाटी लावली तर गाड्या सरळ पुढे निघून जातील."

"जाऊ देत."

"आणि मग वर्षभर गुरांनी खायचं काय? या दोन दिवसांवर संस्था चालते."

"तर मग धान्य पोत्यात घ्या. रोज मूठमूठ घाला."

ते हसले. वाईट हसले नाहीत, समजूत घालणारं हसले. "ताई, हाताने भरवल्याचं समाधान पोत्यात नसतं. माणूस त्यासाठी येतो."

"समाधान माणसाचं आणि पोट जनावराचं."

"तुम्ही शिक्षिका. तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार? चहा घ्या."

मी म्हटलं, पैसे देणाऱ्यांना, दत्तक घेणाऱ्यांना मेलेल्या गुरांबद्दल कळवा. त्यावर त्यांनी चिप्सची बशी माझ्याकडे आणखी सरकवली. मग म्हणाले, "आणि त्या सगळ्यांना सांगायचं काय, की तुम्ही मारलंत? चांगली माणसं आहेत हो ती." हे त्यांचं खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. चांगल्या माणसांना वाईट वाटू नये म्हणून दरवर्षी काही गुरं मरणार होती, आणि त्याचा हिशोब कोणीच मागणार नव्हतं.

पुढच्या वर्षी तुम्हाला फोटो आला. खाली इंग्रजीत, तुमचा मित्र मजेत आहे. अंगावर झूल, गळ्यात हार, दोन्ही शिंगं रंगवलेली आणि सरळ आकाशाकडे. तुम्ही फोनवर म्हणालात, आज्जी, त्याचं शिंग बरं झालं! मी म्हटलं, हो का.

मग दर संक्रांतीला मी तिथे जाऊन फाटकाबाहेर उभी राहायचे आणि गाडीतून उतरणाऱ्यांना सांगायचे. काहींनी ऐकलं, पातेलं परत डिकीत ठेवलं. जास्त जणांनी माझ्या हातात एक लाडू ठेवला. गेल्या वर्षीपासून व्यवस्थापक मी दिसले की ती लाल खुर्ची बाहेर पाठवतो.

परवा भाऊसाहेबांचा फोन आला. त्यांना तुमच्या येण्याची बातमी तुमच्या बाबाकडून लागली. "मुलांना जरूर आणा ताई. बैल सजवून ठेवतो."

"कुठला?"

"आता तुम्ही पण ना," ते म्हणाले.

मी हो म्हटलं आहे. तर या. आपण जाऊ, पातेलं न घेता. लोकांची रांग असेल, ते तुम्हाला पुढे बोलावतील, चौकटीपाशी उभं करतील आणि एक बैल समोर आणतील. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही, त्याच्या मानेवरून हात फिरवा. मग सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा, आमचा खाली वळलेल्या डाव्या शिंगाचा बैल कुठे आहे? मी विचारते तेव्हा मला खुर्ची मिळते. तुम्हाला काय देतात ते मला बघायचं आहे.