ब्लॉगचं दुखणं आणि आमच्या सिस्टर

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि मला ब्लॉग काढायचा होता. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या बिल्डिंगमधल्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात पुढे ओढला, दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळला आणि विचारलं, "कधीपासून होतंय?"

बोलायची त्यांची रीतच ती. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेलेली, त्यामुळे कुणी काहीही सांगायला आलं तरी त्यांना ते दुखणंच वाटायचं. खालच्या मजल्यावरच्या पोराला मोटरसायकल हवी होती, तर त्याला विचारलं, "उपाशीपोटी जास्त वाटतं, की जेवल्यावर?" एका बाईंना सुनेपासून वेगळं राहायचं होतं, तर त्यांना, "झोपेत पण वाटतं का?" दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी होती, पण पनवेलात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी मी ऐकलं नाही. भाजीवालाही सिस्टर म्हणे आणि त्यांचे यजमान होते तोवर तेही सिस्टरच म्हणत असावेत, असा माझा अंदाज आहे.

आता माझं सांगतो. मी चौथी पास, आणि तेव्हाची चौथी. गावात कुणाच्या घरी सरकारी कागद आला की तो वाचायला मला बोलावणं यायचं. विमानतळासाठी आमचं गाव उठलं, ज्याने त्याने आपलं घर उतरवून जागा मोकळी करून द्यायची ठरली, तेव्हा सगळ्यात शेवटी पडलं ते माझं घर, हे मी अजून छाती काढून सांगतो. खरं म्हणजे अर्धं घर. अर्धं माझं, अर्धं धाकट्या बाळारामाचं, मधे एक भिंत आणि वर एकच छप्पर. आमच्या घराण्यात छपराला पहिला हात थोरल्याने लावायचा. दर उन्हाळ्यात कौलं परतायची तरी पहिलं कौल थोरला उतरवणार, त्याला हळदकुंकू लावणार, मग बाकीचे वर चढणार. आजाने तेच केलं, बापाने तेच केलं. आणि मी करंज्याला भाचीच्या हळदीला गेलो असताना बाळ्याने आपल्या बाजूचं छप्पर उतरवून टाकलं. परत आलो तर अर्ध्या घरावर आभाळ. मी त्याला काही बोललो नाही. त्या दिवसापासून काहीच बोललो नाही. तो उलव्याला राहायला गेला, मी मुलाकडे पनवेलला आलो.

म्हणून मला ब्लॉग हवा होता. आमच्या सईने, म्हणजे नातीने, सांगितलं होतं की आजोबा, ब्लॉगवर टाकलं की लिंक गावाच्या ग्रुपवर पाठवायची, मग सगळे वाचतात. सगळे म्हणजे सगळा गाव. मला तेवढंच ऐकायचं होतं.

"गाव उठल्यापासून होतंय," मी सिस्टरांना सांगितलं.

"नेमकं काय होतं?"

"लिवावंसा वाटते. त्याने काय केला ते समद्यांनी वाचला पायजे."

"म्हणजे हे दुखणं कमी व्हायला पाहिजे, की लोकांना दिसायला पाहिजे?"

मी मशीनकडे बोट दाखवलं. "एकशे साठ," सिस्टर म्हणाल्या. "आज ब्लॉग नाही. आज मीठ कमी." अर्धा जन्म मिठागरात काढलेल्या माणसाला मीठ कमी करायला सांगणारी ही पहिली बाई.

सिस्टरांकडे मी गेलो त्याला कारण होतं. त्यांचा स्वतःचा ब्लॉग होता, कित्येक वर्षांचा. रोज सकाळी चहा झाला की गॅलरीत बसून त्या फोनवर चार ओळी लिहायच्या. आज मेथी कोवळी मिळाली. आज तळ्यावर फिरताना एका म्हाताऱ्या जोडप्याला भांडताना बघितलं, बरं वाटलं. वॉर्डातल्या जुन्या आठवणीही असायच्या, पण पेशंटचं नाव कधी नाही, गाव नाही, पलंगाचा नंबरसुद्धा नाही. "ज्याची त्याला ओळखू आली तर चालेल," त्या म्हणत, "शेजाऱ्याला आली तर मी नर्स कसली?"

वाचणारे किती, तर दोन मुली, नाशिकची आणि पुण्याची, आणि एक कुणीतरी दुबईतून. कोण ते त्यांना माहीत नव्हतं. फोनवर शहराचं नाव तेवढं दिसायचं. पण त्या माणसाची त्यांना काळजी. "आज दुबई आली नाही," त्या मला जिन्यात सांगायच्या, "बरं नसेल." मी म्हणायचो, "अवो सिस्टर, तीनच मानसं वाचतात, तर लिवायचा कशाला?" त्या म्हणायच्या, "वॉर्डात तीनच पेशंट असले तर ड्यूटी करायची नाही का?" गेल्या वर्षी सिस्टर नाशिकला वारल्या. त्यानंतर त्यांच्या शेवटच्या चार ओळींखाली कुणीतरी विचारलं होतं, "सिस्टर, बऱ्या आहात ना?" मी सईकडून शिकून घेऊन उत्तर दिलं. काय दिलं ते इथे लिहीत नाही.

तर मला त्यांनी कोर्स लिहून दिला. तोंडी, पण डॉक्टरने द्यावा तसा. महिनाभर रोज लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही, आणि मधे एक दिवस चुकला तर पहिल्यापासून. महिन्यानंतर इच्छा उरली तर पुढचं बघू. "निम्म्या लोकांना आठ दिवसांत आराम पडतो," त्या म्हणाल्या. मला राग आला. मला काय निम्म्या लोकांत धरलं? मी त्याच दिवशी सुरू केलं. सईने फोन असा करून दिला की मी बोलायचं आणि अक्षरं आपोआप उमटायची. मी आपला गॅलरीत उभा राहून फोनला शिव्या देतो आहे, असं समोरच्या बिल्डिंगला बरेच दिवस वाटत होतं. वाटेना का.

पहिले काही दिवस सगळं बाळ्यावरच. मग गंमत झाली. राग होता तेवढा लिहून संपला आणि कोर्स तर बाकी होता. आता रोज काय लिहायचं? मग मी मिठागरावर आलो. खाडीचं पाणी घेण्याआधी वाफ्यातला चिखल आम्ही पायांनी तुडवायचो, दिवसच्या दिवस, रांगेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. तळ घट्ट झाला नाही तर मीठ मातीत जातं. ते लिहिताना माझेच पाय हलायला लागले. सिस्टरांना सांगितलं तर म्हणाल्या, "सूज उतरली की हाड कुठे आहे ते सापडतं."

आणि तिथेच मी कोर्स मोडला. हा मोडलाच म्हणायचा. झालं असं की मी गावातल्या घरांवर लिहिलं. आमच्याकडे आडनाव नुसतं कागदावर. अर्धा गाव पाटील आणि अर्धा आमच्यासारखा घरत, मग ओळखणार कसं? म्हणून प्रत्येक घराला एक टोपणनाव, जे सगळ्यांना ठाऊक आणि त्या घरच्यांसमोर कुणी काढत नाही. एक घर उपाशांचं. त्यांच्या पणज्याने एका हळदीला पहिलं वाढप व्हायच्या आतच दुसऱ्यांदा मटण मागितलं होतं, एवढंच. मला ते लिहिलेलं फार आवडलं आणि मी सिस्टरांना न विचारता ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. पहिलाच फोन उपाशांचा.

"काका," त्यांचा थोरला म्हणाला, "आमची नवी सून इचारते, आपल्याला उपाशी का म्हन्तात. काय सांगू तिला?"

"आरं, समद्या गावाला म्हाइत हाय!"

"गावाला हाय. तिला नव्हता म्हाइत."

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "पोस्ट काढा," त्या म्हणाल्या, "आणि त्यांच्याकडे जेवायला जा."

"बोलावलं नाय त्यांनी."

"बोलावतील."

आणि बोलावलंच. उपाशांनी मला पाटावर बसवलं आणि जे वाढायला सुरुवात केली ते थांबेचनात. मटण, भाकऱ्या, पुन्हा मटण. नको म्हटलं की त्यांची नवी सून पदर खोचून म्हणायची, "घ्या ना काका, तुमच्या घराला काय म्हन्तात ते मी अजून कुनाला इचारलेला नाय." रिक्षावाल्याने मला धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी बीपी घ्यायला गेलो तर सिस्टर मशीन न काढताच म्हणाल्या, "आकडा मला बघायचाच नाही. कोर्स पहिल्यापासून."

तो मी पुरा केला. एक दिवस चुकवला नाही, ताप असतानासुद्धा. शेवटी सगळं सिस्टरांना वाचून दाखवलं. मिठागरावरचं ऐकून त्या खूश झाल्या. मी म्हणालो, "आता बाळ्यावरचा ऐका." तो मजकूर मी पुन्हापुन्हा घासला होता. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा ठेवली नव्हती. मला अजून वाटतं की मी तेवढं चांगलं परत काही लिहिलं नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच जपून. टाकलंत, तर तो पुन्हा तुमच्या दारात यायचा नाही."

"नको येऊ दे."

"मग घाई कसली? सही आणा."

"कसली सही?"

"घरत, ऑपरेशनच्या आधी आम्ही सही घेतो. पेशंटची, नाहीतर घरच्यांची. कितीही मोठा सर्जन असला तरी सहीशिवाय टेबलावर घेत नाही. तुम्ही तुमच्या भावाला उघडं करताय, त्याला आधी सांगा. त्याला वाचून दाखवा. तो टाका म्हणाला, तर खुशाल टाका."

"मी त्याच्या दारात जानार नाय."

"मग टाकू नका."

"मी टाकनार!"

"टाका मग. बोट तुमचं, फोन तुमचा."

अशा बाईशी भांडताही येत नाही. मी उठून घरी आलो. सईला म्हटलं, तयारी कर, टाकायचंय. तिने सगळं मांडून दिलं आणि निळं बटण दाखवलं. मी बोट नेलं आणि परत आणलं. म्हटलं, चष्मा बदलून बघतो. मग जेवण झाल्यावर. मग उद्या. असे आठ-दहा दिवस गेले. ते बटण काही मला घाबरलं नाही.

तेवढ्यात सिस्टरांचं जायचं ठरलं. गुडघे गेले होते आणि लिफ्ट सारखी बंद. नाशिकची मुलगी ऐकेना. सामानाचा टेम्पो दुपारीच गेला आणि संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर गाडीची वाट बघत बसल्या होत्या. अख्खी बिल्डिंग येऊन गेली. मी मुद्दाम शेवटी गेलो, म्हणजे रडारड संपलेली असेल. मी सवयीने पुढे केलेला हात बघून त्या म्हणाल्या, "मशीन पॅक झालं. आज अंदाजाने." आणि मनगट धरून नाडी बघायला लागल्या. बराच वेळ सोडेचनात.

"टाकलंत?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"त्याच्याकडे गेलात?"

"नाय."

"मग दुखणं माझ्याबरोबर नाशिकला पाठवू नका," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आधीच गुडघे आहेत."

खाली गाडी वाजली. मी त्यांची पिशवी उचलली. जिन्यात त्या एकेक पायरी थांबत उतरत होत्या आणि मी मागून पिशवी धरून. गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाल्या, "मी वाचीन हं. कुठून वाचतायत ते दिसतं फोनवर. नाशिक दिसलं नाही तर समजा, बरं नाही." आणि गाडी उरण नाक्याच्या बाजूला वळली. मी बराच वेळ फाटकात उभा राहिलो. वॉचमनने खुर्ची दिली, ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, फोन खिशात टाकला आणि रिक्षा करून उलव्याला गेलो. जिकडे बघावं तिकडे क्रेन आणि सिमेंटची धूळ, पत्ता सापडायला वेळ लागला. दार बाळ्यानेच उघडलं. बनियनवर होता. किती पिकला होता! "दादा," तो म्हणाला, "आत ये." मी म्हटलं, "आत यायला नाय आलो. आयक." आणि दारातच उभा राहून, फोन हातभर लांब धरून, मोठ्याने वाचायला लागलो. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं, तरी थांबलो नाही. छपरापर्यंत आलो. बाळ्या खाली फरशीकडे बघत होता.

"तुज्याच्यान झाला नसता, दादा," तो म्हणाला. "म्हनून तू नव्हतास तवा मी उतरवला."

"झाला असता," मी म्हणालो आणि पुढची ओळ वाचायला घेतली.